एकाच बॅचचं रक्त

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण पुढं एक जागा अशी येते की तिथं मला अजूनही हसू येत नाही. आणि चहा गार होऊ देऊ नका. गाढवपणा माझा, त्यात तुमचा चहा का वाया जावा?

पिंपरीला तेव्हा औषधांचा कारखाना नवीन निघाला होता आणि मी साताऱ्याकडून येऊन तिथं चिकटलो होतो. राहायला भोसरीत, सासऱ्यांच्या घरामागच्या दोन खोल्यांत. घरजावई म्हणू नका हं! मी भाडं देत होतो. म्हणजे देऊ करत होतो, ते घेत नव्हते. रोज सायकल हाणत पिंपरीला जायचं आणि दिवसभर बाटल्या धुवायच्या. हो, बाटल्या धुण्याचं खातं. पण भोसरीत हे सांगतो कोण? औषधाच्या कारखान्यात आहे म्हटल्यावर लोक माझ्यापुढं येऊन जीभ बाहेर काढायचे. मीही ती नीट निरखून 'हं' म्हणायचो. पुढचं सगळं त्या 'हं'मधून निघालं.

आमचे सासरे, तात्या, म्हणजे जुने पैलवान. कुस्ती सुटून जमाना झाला होता, पण तालमीच्या ओट्यावर रोज संध्याकाळी हजेरी असायची आणि त्यांचं बसणंही असं की समोरच्यानं आपोआप सरकून जागा द्यावी. मला ते 'पाव्हणं' म्हणायचे. लग्नाला दोन वर्षं झाली तरी पाव्हणंच! त्यांनी एकदा तरी मायेनं हाक मारावी म्हणून मी काय काय केलं, ते मलाच माहीत.

तर हे तात्या बैलगाडीवरून पडले. पाय मोडला. प्लास्टर निघालं तेव्हा पोटरी फुगून दगड झालेली. पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन समजावलं. पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी झाली आहे, ती सुटून छातीत गेली तर माणूस जातो. म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी रोज द्यायची. पण गोळी कमी पडली तर गुठळी वाढणार, आणि जास्त झाली तर रक्त आतल्या आत वाहायला लागणार. कुणाला किती लागेल हे आधी सांगता येत नाही. म्हणून दर आठवड्याला रक्त काढायचं, ते किती वेळात गोठतं ते बघायचं आणि त्यावरून गोळी ठरवायची. मी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणालो, 'हं.'

पहिल्या खेपेला रक्त घेणाऱ्या माणसानं ती काचेची लांब पिचकारी उचलली आणि तात्या खुर्चीवरून अलगद घसरून जमिनीवर बसले. डोळे पांढरे. मी पाणी मारलं. जाग आल्यावर त्यांनी पहिली गोष्ट काय केली? आजूबाजूला भोसरीचं कुणी नाही ना, ते पाहिलं. घरी आम्ही उन्हाचा त्रास झाला असं सांगितलं.

पुढच्या आठवड्यात आम्ही दोघं त्या रक्ताच्या खोलीबाहेर बाकावर बसलो होतो. तात्यांनी धोतराच्या सोग्यानं कपाळ पुसलं आणि हळू आवाजात म्हणाले, "भरल्या मैदानात म्या कुनाला पाठ दावली न्हाई. पर त्या सुईम्होरं काळजाचं पानी व्हतंय. बाळा, आजच्याला तू दे."

बाळा! ऐकलंत ना? दोन वर्षांनी पाव्हण्याचा बाळा झाला. त्या वेळी त्यांनी माझी किडनी मागितली असती तर मी कुठल्या बाजूची देऊ एवढंच विचारलं असतं.

पण मला आंधळा भक्त समजू नका. मी विचार केला. त्याचीच तर लाज वाटते! कारखान्यात मी रोज बघत होतो की ढीगभर बाटल्यांतली एक उचलतात, तपासतात, आणि ती ठीक निघाली की सगळी बॅच पास. मी म्हटलं, तात्या आणि मी एका घरात राहतो. एका विहिरीचं पाणी, एका चुलीवरची भाकरी, एकच कालवण. म्हणजे बॅच एकच झाली की नाही? मग बाटली ही उचलली काय आणि ती उचलली काय!

गोळी ते घेतात आणि मी घेत नाही, एवढी बारीक गोष्ट त्या विचारात बसली नव्हती.

तात्यांचं नाव पुकारलं, मी आत जाऊन बसलो. रक्त घेणारा आज दुसराच होता, त्यानं कागदावरचं वय वाचलं नाही की माझ्या तोंडाकडं पाहिलं नाही. त्याला फक्त शीर दिसत होती. छान ठसठशीत शीर आहे म्हणाला. मला बरंही वाटलं.

तासाभरानं डॉक्टरांनी बोलावलं. गोळीचा काहीच परिणाम दिसत नाही म्हणाले, आणि वाढवली. त्याच्या पुढच्या आठवड्यात परत तेच. परत वाढवली. त्यानंतर तर डॉक्टर खुर्चीत मागं रेलून तात्यांकडं बघतच राहिले. असं चिवट रक्त आपण पाहिलं नाही म्हणाले. काय खाता, काय पिता, वडील किती जगले, सगळं विचारून घेतलं. तात्यांची छाती बघता बघता रुंदावली.

संध्याकाळी तालमीच्या ओट्यावर बातमी. पैलवानाचं रक्त विलायती औषधाला दाद देत नाही! लोक दिघीहून बघायला आले. तात्या दंडावर थाप मारून सांगायचे, लहानपणी धारोष्ण दूध प्यायलो त्याचं हे रक्त. आणि मी कोपऱ्यात बसून जळायचो. अरे, ते माझं रक्त! कौतुक माझ्या रक्ताचं, आणि मी मात्र तंबाखूची पिशवी पुढं सरकवणार. पण बोलायची सोय नव्हती.

तसे तात्या उपकार ठेवणारे नव्हते. रक्त देऊन आलो की गुपचूप माझ्यापुढं बदाम घातलेलं दूध यायचं, भाकरीवर तुपाचा गोळा पडायचा. आमची ही, इंदू, चक्रावून गेली. आजारी आपला बाप, आणि अंगावर मूठभर मांस चढतंय नवऱ्याच्या. तात्या तुमचे एवढे लाड का करायला लागलेत, असं तिनं विचारलं. मी म्हटलं, कदर कळायला वेळ लागतो माणसाला.

मनात पाल चुकचुकत नव्हती असं नाही. गोळी तिसऱ्यांदा वाढली तेव्हा एकदा वाटलं, आपणही घ्यावी का? म्हणजे बॅच खरोखर एक होईल. एक गोळी तळहातावर घेऊन बराच वेळ उभा राहिलो. मग म्हटलं, आपल्याला कुठं गुठळी झाली आहे, उगाच औषध कशाला खा? आणि गोळी जपून डबीत परत ठेवली. शहाणा ना मी!

मग तात्यांच्या दंडावर निळे डाग दिसायला लागले. दाराचं कवाड नुसतं घासलं तरी डाग. दात घासताना चूळ लाल. इंदू घाबरली, तर तात्या म्हणाले, रक्तात जोर आहे, बाहेर यायला बघतंय. मीही 'हं' म्हणालो.

एका रविवारी न्हावी दाढीला आला. गालावर वस्तरा जरासा लागला. त्यानं तुरटी लावली. रक्त थांबेना. इंदूनं हळद दाबली. थांबेना. एक पंचा भिजला, दुसरा आणला. न्हावी सारखा सांगत होता की एवढुसंच लागलंय, आईशपथ एवढुसंच. तेवढ्यात तात्यांनी मला खुणेनं जवळ बोलावलं आणि कानात सांगितलं की सकाळी लघवीला लाल झालं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

ती जागा हीच. इथं मला हसू येत नाही. माणूस माझ्या हातानं मरतोय हे मला तेव्हा कळलं, आणि ते कळायला मला भिजलेले दोन पंचे लागले.

नाशिक रस्त्यावर चाकणचा कांद्याचा ट्रक मिळाला. पोत्यांवर तात्यांना झोपवलं, इंदूनं डोकं मांडीवर घेतलं. वाटेत तात्यांनी माझं मनगट धरलं आणि सुईचं बोलायचं नाही अशी शपथ घातली. गाव थुंकेल, म्हणाले. पैलवान मेला तर चालेल, पण सुईला भ्याला हे कळता कामा नये. कांद्याच्या वासानं माझ्या डोळ्यांत पाणी येत होतं. सगळंच कांद्याचं नव्हतं.

दवाखान्यात डॉक्टरांनी तात्यांना पाहिलं आणि बुचकळ्यात पडले. मागच्याच आठवड्यात या माणसाचं रक्त चटकन गोठत होतं, मग हे काय? गोळीनं असं होणार नाही, दुसराच काही आजार असेल, म्हणाले. नाहीतर तपासणीतच चूक. रक्त घेणाऱ्या माणसाला बोलावून त्यांनी सगळ्यांदेखत धारेवर धरलं. तो बिचारा रडकुंडीला आला.

"साहेब, पहिली खेप सोडून दर खेपेला मी स्वतः रक्त काढलंय," तो म्हणाला. "वाटल्यास पैलवानांना विचारा." आणि त्यानं बोट दाखवलं माझ्याकडं.

सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. तात्यांची माझ्या मनगटावरची पकड घट्ट झाली, तशा अवस्थेतही हाड दुखेल इतकी. मी इंदूकडं पाहिलं. तिच्या हातातला पंचा पुन्हा लाल झाला होता, आणि ती माझ्याकडं अशा भरवशानं बघत होती की औषधातलं कळणारा घरात एक मीच.

"गोळी यांनी घेतली," मी म्हणालो. "रक्त मी दिलं."

डॉक्टर ओरडले असते तर बरं वाटलं असतं. त्यांनी शांतपणे विचारलं, "तुम्ही काय करता?"

"औषधांच्या कारखान्यात आहे."

"कुठल्या खात्यात?"

इंदूसमोर मला सांगावं लागलं. डॉक्टर म्हणाले, "त्याच खात्यात राहा. तिथून वर चढू नका."

मग मात्र धावपळ सुरू झाली. गोळी बंद, तिच्यावर उतारा म्हणून के जीवनसत्त्वाचं इंजेक्शन. तात्यांनी सुई पाहिली आणि डोळे घट्ट मिटले, पण घसरायला आता खाली जागाच नव्हती, आधीच आडवे होते. डॉक्टर म्हणाले, रक्त फार गेलंय, कुणाचं तरी चढवावं लागेल.

आता सांगा, अशा वेळी पुढं कोण होणार? मी! बाही वर करत, छाती काढत, सगळ्यांना बाजूला सारत. माझी ती ठसठशीत शीर त्या खोलीला तोंडपाठ होती. मी म्हटलं, हवं तेवढं घ्या, संपवून टाका. एक थेंब काढून त्यांनी जुळतंय का ते पाहिलं.

जुळलं नाही!

इतके आठवडे जे रक्त तात्यांचं म्हणून मिरवलं, ओट्यावर गाजलं, डॉक्टरांना चकित करून गेलं, ते खरी गरज पडली तेव्हा तात्यांच्या कामाचं नव्हतं. बॅच वेगळी. जुळलं इंदूचं. तिनं मुकाट्यानं हात पुढं केला आणि माझ्याकडं न बघता दिलं. त्या रात्री आणि पुढचे कितीतरी दिवस ती माझ्याशी फक्त कामापुरतं बोलली, आणि तिचं बरोबर होतं.

तात्या वाचले. रक्त आता त्यांचंच तपासू लागले, आणि गोळी पुन्हा थोड्यापासून सुरू झाली. त्यांना लागणारी मात्रा किती निघाली? रोज अर्धी गोळी. पहिल्या दिवशी दिली होती त्याच्याही निम्मी. विलायती औषधाला दाद न देणारं ते चिवट रक्त अर्ध्या गोळीत शरण येत होतं.

घरी सोडायच्या दिवशी डॉक्टर खाटेपाशी आले. यापुढं गोळी घेईल त्याचंच रक्त, हे त्यांनी माझ्याकडं बघून दोनदा सांगितलं. रक्त घेणारा माणूसही मागं उभा होता, त्याचा राग अजून गेला नव्हता. डॉक्टरांनी तात्यांना सहज विचारलं, जावयावर राग तर नाही ना?

मी मान खाली घालून उभा. तात्यांनी दंडावरची पट्टी चाचपली, लेकीकडं पाहिलं, मग मला पायांपासून डोक्यापर्यंत निरखलं.

"राग कसला, सायेब," ते म्हणाले. "चूक आमचीच हाय. लगीन ठरवताना पत्रिका जुळवली, नोकरी बघितली, घरदार बघितलं. रक्त तेवढं जुळवून बघायचं ऱ्हायलं. चला पाव्हणं, पिशवी उचला."