निळ्या पिशवीची घाई

इकडे परदेशात, ट्रॉय शहरापासून तासाभरावरच्या ज्या छोट्या गावात आम्ही राहतो, तिथल्या शाळेत पहिलीचा एकच वर्ग आहे. मुलं अठरा, त्यांतली एक आमची लेक. दर सोमवारी ती एक कापडी पिशवी घेऊन येते. आत एक पातळ पुस्तक आणि बाईंची चिठ्ठी: 'मुलांना अक्षरांचे आवाज जोडून स्वतः वाचू द्या. अडलं तर थांबा. सांगू नका.' शुक्रवारी बाई तेच पुस्तक तिच्याकडून वाचून घेतात. जमत गेलं की पिशवीचा रंग बदलतो. लाल, पिवळी, हिरवी, निळी.

आता मी पुण्यातून गाइडं घोकून इंजिनिअर झालेला माणूस. सोमवारी पेपर हातात देतात आणि शुक्रवारी तोच विचारतात, हे कळल्यावर माझे डोळेच पाणावले. इतकी दयाळू परीक्षा मी आयुष्यात पाहिली नव्हती.

ते थांबणं वगैरे मी बाजूला ठेवलं. जेवणाच्या टेबलावर मी एक ओळ म्हणायचो, लेक माझ्यामागून म्हणायची, पाढे म्हणावेत तशी. बुधवारपर्यंत पुस्तक पाठ. बायको डिशवॉशर लावता लावता म्हणाली, "अरे, तिचं वाचन चाललंय की तुझी व्हायव्हा?"

"रिझल्ट बघ," मी म्हणालो.

दोन महिन्यांत निळी पिशवी आली. ट्रॉयला मराठी मंडळी घरून एकेक पदार्थ घेऊन जमतात, त्या पॉटलकला मी ती उगाचच खांद्याला अडकवून गेलो, आणि एका काकूंनी विचारेपर्यंत उतरवली नाही.

मग शाळेने पालकांसाठी वाचनाची सकाळ ठेवली. लेक पुढे उभी राहून खणखणीत वाचू लागली. मध्येच तिने दोन पानं एकदम उलटली. चित्रातली बदकं गेली, ट्रॅक्टर आला. तिच्या तोंडी मात्र बदकंच चालू. बाई तिच्याकडे बघत नव्हत्या, माझ्याकडे बघत होत्या. मी एका चिमुकल्या खुर्चीत गुडघे हनुवटीला लावून बसलो होतो आणि माझे ओठ हलत होते.

कार्यक्रम संपल्यावर बाईंनी आम्हा दोघांना थांबवून घेतलं. लाल पिशवीतलं एक नवं पुस्तक लेकीपुढे ठेवलं. तिने पानाकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे पाहिलं, मी पहिली ओळ म्हणायची वाट बघत.

गाडीत तिने विचारलं, "बाबा, ॲम आय डंब?"

निदान तेव्हा तरी खरं बोलावं की नाही? मी म्हणालो, "नाही गं, बाईंनी चुकीचं पुस्तक दिलं." स्वतःचीच किळस आली, पण गाडी चालवत राहिलो.

रविवारी निळी पिशवी सापडेना. शेवटी क्लॉझेटमध्ये बुटांच्या ढिगाखाली सापडली. लेक दारात उभी. मी तिथेच बुटांत बसकण मारली.

"तू डंब नाहीस. मी तुला वाचूच दिलं नाही. सगळं मीच सांगत गेलो. चीटिंग मी केलं."

तिने बराच विचार केला. "सो यू आर इन ट्रबल?"

"हो."

"टेल माय टीचर."

सोमवारी ऑफिसचा बॅज गळ्यात घालून मी वर्गाच्या दारात उभा राहिलो आणि सांगितलं. बाई चिडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी लाल पिशवी दिली आणि आतली चिठ्ठी मला मोठ्याने वाचायला लावली. लेक लक्ष देऊन ऐकत होती.

संध्याकाळी ती पहिल्याच पानावर अडली. तीन अक्षरांचा शब्द. मी थांबलो.

"बाबा! युअर लिप्स!"

मी खुर्ची फिरवून फ्रिजकडे तोंड करून बसलो. पाठीमागे एक आवाज आला, मग दुसरा, मग बराच वेळ काहीच नाही. मी फ्रिजचं हँडल बघत बसलो. मग तिने ते तिन्ही आवाज जोडले, एकदा हळू, एकदा झटकन, आणि पान उलटलं.

बरोबर आहे का, हे तिने मला विचारलं नाही.