दहा लाख एक

गुरुजींनी बादलीभर पाणी मागवलं आणि भर वर्गात फळा धुवून घेतला. कारण त्यावर मी लिहिलं होतं.

स्वातंत्र्य येऊन सहा-सात वर्षं झाली होती. आमगावजवळच्या आमच्या गावात सातवीत महारवाड्यातली मी एकटी. बसायची ओसरीत, दाराबाहेर. तिथून फळा दिसायचा.

त्या आठवड्यात गुरुजींनी फळ्यावर दहा लाख एक हा आकडा लिहिला होता. म्हणाले, एक आणि तो स्वतः सोडून याला कशानंच भाग जात नाही. सगळ्यांनी उतरवून घेतलं. मीही. पण मन मानेना. आईसोबत धानाची रोपं लावायला, रोवणीला जायची, तिथं शेताच्या धुऱ्यावरच्या ओल्या मातीत काडीनं भागाकार करायची. तीननं भागलं, दोन उरले. सातनं, दोन. अकरानं, तेरानं, तरी दोनच. सतरानं दहा. थांबले नाही. पाचव्या दिवशी एकशे एकनं भागलं. काहीच उरलं नाही. चिखलात एकटीच हसले. आईनं विचारलं, काऊन हासून राहिली? मी काडी टाकली आणि पुन्हा रोवायला वाकले.

दुसऱ्या दिवशी ओसरीतून मी म्हणाले, "गुरुजी, एकशे एकनं भाग जाते."

मान वर न करता त्यांनी बस म्हटलं. मी बसले नाही. आत गेले. खडू उचलला. नऊ हजार नऊशे एक गुणिले एकशे एक. पूर्ण गुणाकार करून दाखवला. गुरुजींनी तो वरपासून खालपर्यंत वाचला. चूक सापडली नाही. मग पाणी मागवलं.

फळा वाळल्यावर त्यांनी पाटलाच्या मुलाला उठवलं. तोच गुणाकार त्याच्याकडून लिहून घेतला. त्याला शाबासकी दिली. मला म्हणाले, बापाला घेऊन ये, माफी माग, मगच शाळेत पाय ठेव.

बा पाटलाच्याच धानाच्या बांधीत राबायचा. काम टाकून आला, चिखलाच्या पायांनी. ओसरीखाली पाऊस अंगावर घेत हात जोडून उभा राहिला.

"मांग माफी," तो म्हणाला. "माह्यासाठी मांग."

त्याच्यासाठी मी काहीही केलं असतं. हे नाही.

"बरोबर आहे त कायले मांगू, बा?"

त्यानं मारलं नाही. स्वतःच पायरीवर डोकं टेकवलं आणि माझ्या वाटची माफी मागितली. त्याला अक्षर ओळखीचं नव्हतं. मी बरोबर होते का, हे त्यानं मरेपर्यंत विचारलं नाही.

दुसऱ्या सकाळी गुरुजी म्हणाले, बापानं मागितली, बस ओसरीत. मी आत जाऊन पहिल्या तरटपट्टीवर बसले. शेजारच्या मुली सरकल्या. सरकू दिलं.

ती माफी बापाची होती. माझी नाही. मनात म्हटलं, मला बाहेर काढायचं तर उचलून फेकावं लागेल. माझ्या पायांनी मी जाणार नाही.