घरातली आडवी बाटली

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलाला नाही. देवापुढे हात जोडतानासुद्धा हा विषय तेवढा टाळत आले — जसं काही त्याला ठाऊकच नाही! आज तुम्हाला सांगते. पण सुरुवात माझ्या वागण्यापासून नको, त्या पेयापासून करू दे. ते फार सुंदर होतं हो.

व्हिस्की सावर. जळगावच्या शाळेतली निवृत्त मास्तरीण असलं नाव घेते म्हणून दचकलात? दचका. माझी धाकटी जाऊ सुनंदा ते करायची. तिचे वडील भुसावळला साहेबांच्या क्लबात वाढपी होते, त्यांचं बघून ती शिकलेली. "सावर म्हणजे आंबट, अक्का," ती म्हणायची, "पण पहिल्या घोटाला स्वतःलाच मराठीतून सांगायचं — सावर!"

रविवारी दुपारी घर जेवून लवंडलं की आम्ही दोघी स्वयंपाकघराचं दार लोटून घ्यायचो. कडीच्या डब्यात व्हिस्की, ताज्या लिंबाचा रस, साखरेचा पाक, बर्फ — आणि एका अंड्याचं पांढरं. अंडं! आमच्या घरात ते उंबऱ्याच्या आत येत नसे. खरं सांगते, मला दारूपेक्षा त्या अंड्याचीच धास्ती जास्त. टरफलं मी शाळेच्या पर्समधून नेऊन बाहेर टाकायची. डबा खळाखळा हलायला लागला की बाहेरून सासूबाई विचारायच्या, "काय चालनं वं?" "ताक करतोय, आई," सुनंदा सांगायची, आणि मी पदर तोंडात कोंबून हसायची.

मग चहाच्या गाळणीतून दोन फुलपात्रांत. वर पांढराशुभ्र फेस. आधी लिंबू जिभेला चिमटा काढतं, तोवर पाक येऊन समजूत घालतो, आणि मागून सावकाश ती व्हिस्की छातीत उतरते. त्यात कुणी कुणावर कुरघोडी करत नाही. लिंबू कमी पडलं की नुसता चिकट काढा, पाक कमी पडला की शिक्षा. पुढे मी मुलाबरोबर मोठ्या हॉटेलांत गेले, छत्री खोचलेली निळी-हिरवी सरबतं पाहिली. दरवर्षी नवी येतात, पुढच्या वर्षी कुणाला आठवतही नाहीत. हे मात्र साहेबांच्या आज्यापणज्यांपासून चालत आलंय म्हणे. का टिकणार नाही? लपवाछपवीला त्यात जागाच नाही. प्रत्येक गोष्ट जिभेला वेगळी कळते, आणि तरी सगळं एक लागतं. मला अजून दुसरं कुठलं पेय इतकं आवडलेलं नाही.

बाटली दिरांची. पण ते महिन्यातून एखादा पेग घेणारे — संपवायचो आम्हीच. संपत आली की "भावजींना सांग गं" असं सुनंदाला कोण म्हणायचं? मीच. धान्याच्या कोठीमागे ती आडवी ठेवायची, उभी राहिली की बूच दिसायचं.

आणि त्याच वर्षी आमच्या वॉर्डात आडव्या बाटलीचं मतदान लागलं. तुम्हाला माहीतच आहे — दुकान बंद हवं असेल तर बायकांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारायचा, चालू हवं असेल तर उभ्या. शाळेच्या तोंडाशी देशी दारूचं दुकान होतं. संध्याकाळी तिथून मुलीबाळींना जाता येत नसे, आणि रात्री त्यांचे बाप घरी जाऊन जो धिंगाणा घालत, तो आम्ही सकाळी मुलांच्या चेहऱ्यावर वाचायचो. ते बंद व्हायलाच हवं होतं. मी पुढे झाले. भाषणं ठोकली. आणि काय सांगू — टाळ्या फार गोड लागतात.

शेवटच्या सभेत मारुतीच्या पारासमोर दीडदोनशे बायका. सुनंदा पुढच्याच सतरंजीवर, मांडीवर तिची लहानगी तन्वी. दुकानदाराची भावजय उठली आणि हात नाचवत म्हणाली, "मॅडम, तुमना घरमा बी बाटली शे. ती कव्हय आडवी व्हई?"

काय बोलता आलं असतं? 'हो, आहे, मीही घेते, पण मी कुणाला मारत नाही आणि पोरींची वाट अडवत नाही' — इतकं सोपं होतं. काही बायका हसल्या असत्या, काही उठून गेल्या असत्या. पण मी म्हणाले —

"आहे. माझ्या जावेला ती सवय आहे. मी त्या बाटलीला हातसुद्धा लावत नाही. आधी माझं घर सुधारीन, मग वॉर्ड."

टाळ्या कडाडल्या. सुनंदाने माझ्याकडे पाहिलं. तिने फक्त एक वाक्य बोलायचा अवकाश, मी तिथल्या तिथे संपले असते. ती तन्वीचं झबलं नीट करत बसली.

बाटली आडवी झाली. माझा सत्कार झाला. संक्रांतीला शेजारणींनी हळदीकुंकवाचं बोलावणं धाडलं — "मॅडम, तुम्ही नक्की या." फक्त मला. गल्लीत सुनंदाचं नाव 'बाटलीवाली' पडलं होतं. मी गेले. वाण घेतलं, तिळगूळ खाल्ला. घरी आले तेव्हा ती कणीक मळत होती. "काय दिलं वाण?" तिने विचारलं. मी सांगितलं, प्लास्टिकचा डबा. पुढच्या उन्हाळ्यात दिरांनी बदली मागून घेतली आणि ते धुळ्याला गेले.

मतदानासाठी खोटं बोलले, असं मी मनाला बरीच वर्षं सांगत आले. तेही खोटं. मतं मिळालीच असती. मला सभेत उजळ राहायचं होतं, आणि माझ्यावर सगळ्यात जास्त माया करणारी बाई मला सगळ्यात सोपी सापडली.

गेल्या दिवाळीत धुळ्याला गेले होते. तन्वी आता पुण्याला नोकरी करते. दुपारी सगळ्यांसमोर, दार सताड उघडं टाकून, तिने तेच करायला घेतलं — लिंबू, पाक, अंड्याचं पांढरं. तोच खळखळाट. लिंबाचा वास आला आणि माझ्या तोंडाला पाणी सुटलं, लाज वाटली तरी सुटलं. पोरगी फेसाळता ग्लास घेऊन माझ्यासमोर आली. "मोठीआई, तुम्ही घ्याल?"

सुनंदा पुऱ्या तळत होती. मान वर न करता, अगदी साध्या आवाजात म्हणाली, "नाही गं. अक्का घेत नाहीत. त्यांना लिंबू सरबत कर."

टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी ओळखला असता. ती माझी अब्रू राखत होती, अजूनही.

मी म्हणाले, "साखर कमी घाल हं."