मेन्स ग्रिलमधला धूर

"मॅडम, यापुढे तुम्हाला जाता येणार नाही," मॅनेजर म्हणाला आणि दार आणि मी यांच्या मधे येऊन उभा राहिला.

दार जाड, जुन्या लाकडाचं होतं. त्यावर पितळेची पाटी होती, 'मेन्स ग्रिल'. ग्रिल म्हणजे क्लबमधली खाण्यापिण्याची खोली. या खोलीत फक्त पुरुष सभासद बसायचे, स्टेक खायचे, पत्ते खेळायचे आणि दुपारभर सिगार ओढायचे. बायकांना आत बंदी होती. मी एअर कंडिशनिंगची इंजिनिअर, आणि ज्या खोलीच्या हवेतला बिघाड शोधायला मला बोलावलं होतं, ती नेमकी हीच.

"मग बिघाड शोधायचा कसा?" मी विचारलं.

"मला वाटलं, तुमच्या ऑफिसातून कुणी जंटलमन येतील," तो म्हणाला. हॅल्सी त्याचं नाव. माणूस वाईट नव्हता. कायम कुणाला तरी सॉरी म्हणत असायचा.

गोष्ट ऐंशीच्या दशकातली आहे. फिनिक्सहून गाडीने जाण्याजोगं, वाळवंटातलं एक श्रीमंत गाव. नाव सांगत नाही, क्लब अजून आहे. थंडी सुरू झाली की बर्फाच्या राज्यांमधून पैसेवाले लोक इथे यायचे आणि ऊन वाढायला लागलं की परत जायचे. या मधल्या महिन्यांना ते 'सीझन' म्हणायचे. सीझनमध्ये घोड्यांचे शो, रविवारी चर्च, आणि बायकांचे हॅट घालून चॅरिटी लंच. टुरिस्टांनाही दाखवण्यासारखं बरंच होतं. कॅक्टसची बाग होती, काउबॉयच्या चित्रांची गॅलरी होती, आणि आमच्या या क्लबची जुनी इमारत होती. ठरलेल्या दिवशी सकाळी बस यायची आणि एक गाइड बाई लोकांना बायकांची डायनिंग रूम दाखवून न्यायची. मी नागपूरची. त्यामुळे उन्हाचं मला काही कौतुक नव्हतं. त्यांच्या नियमांचं मात्र वाटायचं.

तक्रार साधी होती. मेन्स ग्रिलमधला सिगारचा धूर शेजारच्या बायकांच्या डायनिंग रूममध्ये येत होता. थोड्या दिवसांनी तिथे सीझनचं सगळ्यांत मोठं लंच होतं. लंचच्या कमिटीच्या प्रमुख मिसेस ट्रेंट यांनी सांगून टाकलं होतं, "आमच्या हॅटना सिगारचा वास लागणार असेल तर आम्ही लंच दुसरीकडे नेऊ." हॅल्सीच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

मी ऑफिसला फोन लावला. माझा बॉस रॉय म्हणाला, "सुनंदा, काही प्रॉब्लेम नाही. केव्हिन आत जाऊन रीडिंग घेईल. रिपोर्टवर तू सही कर." केव्हिन आमच्याच ऑफिसातला इंजिनिअर.

"मी न घेतलेल्या रीडिंगवर मी सही करणार नाही."

"मग केव्हिन सही करेल. पण मग प्रोजेक्ट त्याच्या नावावर जाईल. बघ बाई तू."

बघण्यासारखं काय होतं त्यात? मी कित्येक वर्षं दुसऱ्यांच्या प्रोजेक्टची कॅल्क्युलेशन्स करत होते. प्रोजेक्ट इंजिनिअर म्हणून माझं नाव लागलेलं हे पहिलंच काम. छोटंसं होतं, पण माझं होतं. एका दारापायी ते केव्हिनच्या घशात जाणार म्हटल्यावर माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. रॉयला म्हटलं, "आधी बाहेरून काय कळतं ते बघते."

बाहेरूनही पुष्कळ कळतं. स्वयंपाकघरात एक्झॉस्ट फॅन लावला की फोडणीचा वास हॉलमध्ये जात नाही. का? फॅन हवा बाहेर फेकतो, तेवढी हवा हॉलमधून स्वयंपाकघरात ओढली जाते, आणि वास आतच राहतो. याला आम्ही निगेटिव्ह प्रेशर म्हणतो. धुराची खोली अशीच ठेवायची असते. मी टिश्यू पेपरची एक पट्टी फाडली आणि दाराच्या फटीशी धरली. पट्टी आत ओढली जायला हवी होती. ती माझ्याच तोंडावर उडाली.

"एक्झॉस्ट फॅन चालू आहे का?" मी हॅल्सीला विचारलं.

"नाही. सभासदांनी बंद ठेवायला सांगितलाय. तो लावला की दार शिट्टी मारतं. आणि इतकं घट्ट बसतं की म्हाताऱ्या सभासदांना उघडत नाही."

हे ऐकलं आणि अर्धं निदान झालं. फॅनला हवा ओढायला दुसरी वाट नव्हती, म्हणून तो दाराच्या फटीतून ओढत होता. मी गाडीतून इमारतीची जुनी ड्रॉइंग काढून आणली. ड्रॉइंगमध्ये दोन खोल्यांमधल्या भिंतीत वरच्या अंगाला एक मोठी जाळी दाखवली होती. डायनिंग रूममधली हवा त्या जाळीतून ग्रिलमध्ये जावी, असा जुन्या इंजिनिअरचा साधा, शहाणा बेत होता. डायनिंग रूममध्ये येऊन बघते तर जाळीच्या जागी एक भलंमोठं तैलचित्र. धुळीत उधळलेले घोडे आणि मागे लाल डोंगर.

तेवढ्यात टुरिस्टांची बस आली. गाइड बाई चित्राखाली उभी राहून सांगायला लागली, "संध्याकाळचं ऊन बरोबर या घोड्यांवर पडावं म्हणून क्लबच्या संस्थापकांनी ही जागा निवडली." लोक माना वर करून बघत होते, फोटो काढत होते. मीही मान वर करून बघत होते. कारण वेगळं होतं.

टुरिस्ट गेले. मी हॅल्सीला शिडी मागितली. तो आढेवेढे घ्यायला लागला तेव्हा म्हटलं, "ही खोली बायकांची आहे ना? इथे तर मी चढू शकते?" चित्र उतरवलं. मागे फळ्या ठोकलेल्या, आणि फळ्यांमागे जाळी.

"हे कुणी केलं?"

हॅल्सीने इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "माझ्या आधीच्या मॅनेजरने. जाळीतून पलीकडचं सगळं ऐकू यायचं. या खालच्या टेबलासाठी बायकांची रांग लागायची. सभासदांना ते कळलं आणि एका उन्हाळ्यात, गाव रिकामं असताना..." त्याने हातानेच हातोडी मारून दाखवली.

म्हणजे हकीकत अशी. आपल्या गप्पा बायकांना ऐकू जाऊ नयेत म्हणून पुरुषांनी जाळी बंद केली. जाळी बंद झाली म्हणून दार शिट्टी मारायला लागलं. शिट्टी नको म्हणून फॅन बंद केला. फॅन बंद झाला म्हणून धूर बायकांकडे निघाला. गुपितं आत राहिली आणि धूर बाहेर आला. मी शिडीवर बसून हसले.

"काय सापडलं, डिअर?" खालून आवाज आला. सत्तरीच्या, काठीसारख्या सरळ बाई, हातात पांढरे ग्लोव्ह्ज. याच मिसेस ट्रेंट. मी जाळी दाखवली. मला वाटलं त्यांना धक्का बसेल.

"अच्छा, अजून आहे होय ती," त्या शांतपणे म्हणाल्या. "हे टेबल माझं होतं. आम्ही जिवाचा कान करून बसायचो इथे. लोकांना वाटायचं, गॉसिपसाठी. आमचं मोंटानातलं घर विकायचं ठरलंय, हे मला या जाळीतून कळलं. माझी मुलं त्या घरात वाढली. नवऱ्याने आधी त्याच्या पत्त्यांच्या टेबलावर सांगितलं, आणि मला विक्री झाल्यावर."

मी शिडीवरून खाली उतरले.

"आता उघडणार का तुम्ही ती?"

"उघडणार. पण मागे हवेसाठी वळणावळणाचा एक डक्ट बसवणार. आतून मऊ अस्तर असतं. हवा जाते, आवाज अस्तरात जिरतो. नाहीतर ते पुन्हा फळ्या ठोकतील."

"म्हणजे काहीच ऐकू येणार नाही?"

"नाही."

"हं," त्या म्हणाल्या आणि ग्लोव्ह्ज घालत निघून गेल्या. मला वाईट वाटलं. काम अगदी बरोबर करत होते आणि तरी वाईट वाटलं.

डक्ट बसला, चित्र पलीकडच्या भिंतीवर गेलं, फॅन सुरू झाला. दाराची शिट्टी थांबली. राहिली शेवटची टेस्ट. खोलीत हवा किती येते, किती जाते, हे आतल्या प्रत्येक झरोक्याखाली यंत्र धरून मोजायचं. तेही लोक बसलेले असताना, सिगार चालू असताना. रिकाम्या खोलीची टेस्ट म्हणजे उपाशी माणसाचं पोट तपासून पचन चांगलं आहे म्हणण्यासारखं.

हॅल्सीने तोडगा काढला. "सकाळी साफसफाईच्या बायका आत जातात. तुम्ही त्यांच्याबरोबर जा."

"म्हणजे बायका आत जातात."

"त्या स्टाफ आहेत."

मी नाही म्हटलं. घरी नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "अगं, जाऊ दे ना यार. केव्हिनला जाऊ दे आत. एवढं काय?" माझा नवरा सुहास हॉस्पिटलमध्ये ॲनेस्थेटिस्ट होता. मी म्हटलं, "पेशंटला भूल दुसऱ्याने दिली आणि चार्टवर सही तू केलीस, तर चालेल तुला?" तो भात कालवायला लागला. मग म्हणाला, "नाही चालणार."

दुसऱ्या दिवशी क्लबचा कारभार बघणाऱ्या हाउस कमिटीसमोर बसले. प्रमुख होते जज ट्रेंट, मिसेस ट्रेंट यांचे यजमान. रिटायर्ड जज. बोलणं अत्यंत सभ्य.

"यंग लेडी, आमचा तुमच्यावर विश्वास आहे. पण क्लबच्या घटनेत लिहिलंय की मेन्स ग्रिलमध्ये स्त्रियांना प्रवेश नाही. सीझनच्या शेवटच्या सभेपर्यंत घटना बदलता येत नाही."

"मग तोपर्यंत माझी सही मिळणार नाही. आणि सहीशिवाय फॅन चालू ठेवायला माझं ऑफिस परवानगी देणार नाही. लंच पुढच्या आठवड्यात आहे."

कमिटीतले सगळे एकमेकांकडे बघायला लागले. जज बराच वेळ छताकडे बघत होते. मग त्यांना एकदम काहीतरी सुचलं, आणि ते इतके खूश झाले की मला त्यांची दया आली. "मेन्स ग्रिलमध्ये प्रवेश नाही. पण ती खोली टेस्टच्या काळापुरती मेन्स ग्रिल नसेलच तर? समजा, टेस्ट संपेपर्यंत कमिटीने तिला मेकॅनिकल रूम ठरवलं?"

ठराव पास झाला. मेकॅनिकल रूम म्हणजे जिथे मोटारी, पंप, बॉयलर असतात ती खोली. तिथे बसून स्टेक खाणारी माणसं मी तोपर्यंत पाहिली नव्हती.

टेस्टच्या दिवशी दुपारी पितळी पाटीवर एक पुठ्ठा टांगलेला होता, 'मेकॅनिकल रूम'. मी यंत्र घेऊन आत गेले. इतके दिवस ज्या खोलीसाठी भांडले, ती अगदीच सामान्य होती. तपकिरी खुर्च्या, एक टीव्ही, हरणाचं डोकं. सगळे आपापल्या सूपकडे बघत होते. "सिगार ओढा, प्लीज," मी म्हटलं. "टेस्टसाठी लागतो." मग जरा सैल झाले सगळे.

मी एकेक झरोका मोजत गेले. आकडे छान येत होते. धूर सरळ वर जाऊन एक्झॉस्टमध्ये शिरत होता. शेवटचा झरोका राहिला आणि माझ्या यंत्राचा काटा हलला. मागे वळून बघते तर दार उघडं. दारात मिसेस ट्रेंट, हॅट घालून, आणि त्यांच्या मागे लंच कमिटीच्या आणखी दोघी.

हॅल्सी धावला. "मॅडम, इथे बायकांना..."

"मेन्स ग्रिलमध्ये नाही," त्या म्हणाल्या. "मी पाटी वाचली. मी आयुष्यात कधी मेकॅनिकल रूम पाहिलेली नाही." आणि सरळ चालत जाऊन नवऱ्याच्या टेबलाशी बसल्या.

सगळ्यांनी जजसाहेबांकडे पाहिलं. ठराव त्यांचाच होता. ते उठले, बायकोची खुर्ची नीट केली आणि परत बसले. बाकी दोघी शेजारच्या टेबलाला लागल्या. दार अजून उघडंच होतं.

"दार बंद करा," मी हॅल्सीला म्हटलं. "रीडिंग बिघडतंय."

त्याने माझ्याकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं, आणि दार बंद केलं. बायका आत राहिल्या.

शेवटचा झरोका मोजून झाला. सगळं पास. मी यंत्र खाली ठेवलं तसं जज म्हणाले, "झाली ना टेस्ट? मग ती पुठ्ठ्याची पाटी काढायला सांगतो." हॅल्सी दाराकडे निघालासुद्धा. मिसेस ट्रेंट नवऱ्याला काहीतरी विचारत होत्या. त्या मधेच थांबल्या. त्यांच्यासमोर नुकतंच सूप ठेवलं होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"नाही," मी म्हटलं. "खोलीत माणसं वाढली. लोड बदलला. नियमाप्रमाणे पहिल्यापासून सगळं पुन्हा मोजावं लागेल."

यात खोटं काही नव्हतं. लोड, म्हणजे खोलीतली माणसं आणि उष्णता, बदलला की पुन्हा मोजावंच लागतं. फक्त मी ते नेहमीपेक्षा बरंच सावकाश मोजलं. प्रत्येक झरोक्याखाली उभी राहून काटा पूर्ण स्थिर होऊ दिला. मागे जज आणि मिसेस ट्रेंट आधी हळू आणि मग नेहमीच्या आवाजात बोलत होते. मोंटानातल्या घराबद्दलच असावं. मी कान दिला नाही. दोघांचं जेवण, कॉफी सगळं झालं, त्या उठल्या, मला मान लववून गेल्या, आणि मग मी म्हटलं, "टेस्ट संपली."

रिपोर्टवर माझी सही झाली. लंच क्लबमध्येच झालं, हॅटना वास लागला नाही. नियम मात्र पुढे कित्येक वर्षं तसाच राहिला. रॉयने रिपोर्ट वाचून विचारलं, "एका खोलीला एवढा वेळ?" मी म्हटलं, "खोली अवघड होती."

टेस्ट कधी सुरू करायची हे क्लायंट ठरवतो. ती कधी संपली हे ज्याची सही असते तो ठरवतो. एवढं एक त्या कामात शिकले, आणि रिटायर होईपर्यंत वापरलं.