मशीनचं कपाळ

मला पोहता येत नाही. धरणावर ओव्हरसियर म्हणून रुजू झालो तेव्हा हे कुणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. नगर शहरात वाढलेल्या माणसाला पोहता यायचं काही कारण नव्हतं. आमच्या आळीत नळाला तासभर पाणी यायचं. तेवढ्यात कुणी बुडत नाही.

सत्तरीचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. धरण नवं होतं आणि त्या वर्षी पहिल्यांदाच भरत आलं होतं. पारनेरकडचा काठ पाण्यापलीकडे गेला होता. त्या काठावर पाऊस मोजायचं भांडं आणि पाण्याच्या पातळीची पट्टी होती. एक दिवसाआड तिकडे जाऊन आकडे आणायचे, हे माझं काम. त्यासाठी एक लाकडी होडी, तिच्या मागच्या फळीला आवळून बसवलेलं पेट्रोलचं मशीन आणि एक नावाडी, एवढा सरंजाम मला मिळाला होता.

नावाडी पन्नाशीचे होते. मी त्यांना मामा म्हणायचो. त्यांचं गाव याच पाण्याखाली गेलं होतं, आणि होडी चालवताना ते मला ते दाखवत असत.

"आता आपन पिंपळावरनं चाललोय, सायेब. आता मारुतीचं देऊळ. कळस आपल्या खाली पाच-सहा पुरुस आसंल."

मी वाकून बघत नसे. बाकावरची पकड मात्र घट्ट करत असे.

दर फेरीला निघण्यापूर्वी मामा होडीच्या नाकाला ओलं कुंकू लावून हात जोडायचे. पहिल्याच आठवड्यात मी शहाणपणा केला.

"मामा, लाकूड आपोआप तरंगतं. त्याला कशाला विनवता? आपल्याला नेतं-आणतं ते मशीन. लावायचंच तर त्याला लावा."

मामांनी जरा विचार केला. "व्हय की," ते म्हणाले. "ध्यानातच न्हाई आलं."

पुढच्या फेरीपासून मशीनलाही कुंकू लागलं. बरोबर मध्यभागी, सगळ्यात वर. मामांच्या मते ते त्याचं कपाळ. हा किस्सा मी कचेरीत चहाबरोबर सांगितला आणि लोक हसले. मलाही बरं वाटलं.

वीसेक दिवसांनी मशीन पहिल्यांदा बंद पडलं. आधी ते खोकलं, मग दमलं आणि गप्प झालं. इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. होडीच्या पोटाला लाटा चापट्या मारत होत्या, तेवढाच आवाज. सभोवार कित्येक मैल पाणी होतं.

"मामा, खाली काय आहे?"

"देऊळ."

मामांनी टाकीचं झाकण फिरवून पेट्रोल बघितलं. होतं. झाकण लावलं, प्लग काढला, धोतराच्या सोग्याला पुसला, पुन्हा बसवला आणि दोरी ओढली. मशीन सुरू झालं. मी वहीत लिहिलं: प्लगमध्ये कचरा.

त्यानंतर ते दर दोन-तीन फेऱ्यांनी बंद पडू लागलं. कधी जाताना, कधी येताना, कधी अजिबात नाही, आणि हे 'अजिबात नाही' सगळ्यात वाईट. रोज बंद पडणाऱ्या मशीनवर मी बसलोच नसतो. प्रत्येक वेळी आमचं ठरलेलं होतं: पेट्रोल बघा, प्लग पुसा, दोरी ओढा. प्रत्येक वेळी ते सुरू व्हायचं आणि मी वहीत प्लगला दोष द्यायचो. प्लग नवा घातला. पेट्रोल फडक्यातून गाळलं. रबरी नळी बदलली. मशीनबरोबर आलेली इंग्रजी पुस्तिका दोनदा वाचली. तिच्यात मशीन कसं सुरू करावं याला एक पान होतं आणि कंपनीच्या थोरवीला सहा.

ट्रकच्या दोन जुन्या ट्यूबा मिळवल्या आणि एक कमरेला घालून बसू लागलो.

"सायेब," मामा म्हणाले, "गळ्यात घाला की. सत्कार झाल्यावानी दिसंल."

शेवटी श्रीरामपूरहून एक मिस्त्री आणवला. पाण्याच्या पंपांत त्याचा हातखंडा होता. त्याने काठावरच झाकण उघडून आत डोकावलं, झाकण लावलं, दोरी ओढली. मशीन गाऊ लागलं. त्याने चार वेळा तेच केलं आणि चारही वेळा ते गायलं.

"याला काही झालेलं नाही," हात पुसत तो म्हणाला. "त्यावर बसणाऱ्याचं बघा."

मामांचं निदान वेगळं होतं. "त्याचं मन लागंना हितं," ते म्हणाले, आणि कुंकवाचा टिळा बोटभर जाड झाला. वर अक्षताही आल्या.

भाद्रपदात धरण भरून सांडव्यावरून पाणी पडू लागलं. पाण्याची ओटी भरायला एक मोठे पाहुणे पत्नीसह यायचं ठरलं. ओटी काठावरून भरता येते. पण काठावर थोरवी दिसत नाही, म्हणून ती मध्यभागी भरायची होती. आमच्या डेप्युटी इंजिनिअरांनी मला बोलावलं.

"बोट सुस्थितीत असल्याचं लिहून द्या."

"साहेब, मशीन बंद पडतं."

"नेहमी?"

"कधीकधी."

"मग लिहायला काय हरकत आहे? कधीकधी बंद पडतं म्हणजे बहुतेक वेळा चालतं."

वाक्य तर्काला धरून होतं. पाण्याविषयी भीती वाटते असं सरकारी कागदावर लिहायला जागा नसते. मी सही केली. त्या क्षणापासून होडीत बसणाऱ्या प्रत्येकाचा जीव माझ्या सहीवर तरंगणार होता.

त्या सकाळी होडीला केळीचे खांब आणि झेंडूच्या माळा बांधल्या. खुर्च्या मावेनात म्हणून वल्ही काढली. ट्यूबा शोभा घालवतात म्हणून काढल्या. टाकी तोंडापर्यंत भरली. मामांनी होडीला आणि मशीनला नेहमीपेक्षा जास्त कुंकू लावलं. पाहुणे, त्यांच्या पत्नी, डेप्युटी, मामा आणि मी असे पाचजण निघालो.

अर्ध्या वाटेवरच मशीन खोकलं आणि गप्प झालं.

"इथेच थांबायचं ठरलंय, साहेब," डेप्युटी लगेच म्हणाले.

ओटी भरली गेली. साडी, खण, नारळ पाण्यात गेले. बाईसाहेबांनी निरांजन लावून आरती केली. कॅमेरेवाला धरणाच्या भिंतीवर होता, त्यामुळे पाहुणे बराच वेळ भिंतीकडे बघून नमस्कार करत राहिले. तोवर माझं लक्ष भिंतीच्या दुसऱ्या टोकाला होतं. वारा पश्चिमेचा होता आणि सांडवा पूर्वेला. मघापासून ऐकू येणारी पाण्याची घरघर आता जास्त ऐकू येत होती.

मामांनी प्लग पुसला, दोरी ओढली. काही नाही. पुन्हा पुसला. पुन्हा काही नाही. मामांच्या कपाळावर घाम आलेला मी प्रथमच पाहिला.

"आपण कुठे चाललो आहोत?" पाहुण्यांनी विचारलं.

"इकडून सांडवा छान दिसतो, साहेब," डेप्युटी म्हणाले.

"मामा," मी हळूच विचारलं, "तिथवर गेलो तर?"

"सांडव्यावर ईतभरच पानी हाय. होडी कडेला आडवी आडकंल," मामा म्हणाले. "मंग उलटंल."

भीतीने माणसाची बुद्धी जाते असं म्हणतात. माझी त्या दिवशी पहिल्यांदा आली असावी. आज आपण नेहमीचं काय केलं नाही? पेट्रोल बघितलं नव्हतं. मामांचा हात झाकणाकडे गेला होता आणि मीच तो धरला होता, कारण हातभर अंतरावर निरांजन जळत होतं. म्हणजे एवढे दिवस मशीन सुरू होत होतं ते प्लग पुसल्याने नाही. झाकण उघडल्याने.

"बाईसाहेब," मी म्हणालो, "दिवा मालवा."

डेप्युटी दातांतून म्हणाले, "अहो, काय बोलताय हे?"

"ओटीचा दिवा मालवत नसतात," बाईसाहेब म्हणाल्या. मग त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, सांडव्याकडे पाहिलं. फुलांचा द्रोण रिकामा करून त्यात निरांजन ठेवलं आणि वाकून पाण्यात सोडलं. "पण सोडता येतो."

द्रोण हलका होता. वाऱ्याने तो आमच्या पुढे निघाला, आम्हाला वाट दाखवल्यासारखा, थेट सांडव्याकडे. पाहुण्यांनी नमस्कार करायचं थांबवलं. द्रोण दूर दूर जात कडेपाशी पोचला, क्षणभर अडला आणि दिसेनासा झाला.

तोवर मी झाकणाशी झटत होतो. ते टाकीला चिकटून बसलं होतं. दोन्ही हातांनी जोर लावला तेव्हा फुस्स करून हवा आत गेली. दम कोंडलेल्या माणसाने श्वास घ्यावा तसा. "ओढा, मामा!" पहिली ओढ फुकट गेली. दुसरीही. तिसरीला मशीन लागलं. मामांनी होडी इतकी जोरात वळवली की केळीचा एक खांब पाण्यात गेला. सांडवा तीस-चाळीस पावलांवर होता.

काठाकडे जाताना मी झाकण हातात धरून बसलो होतो. बोटं लाल झाली होती. झाकणाच्या मधोमध, मामांच्या टिळ्याच्या जागी, टाचणी जाईल एवढं छिद्र होतं. पेट्रोल खाली गेलं की त्याच्या जागी हवा आत यायला ते असतं. त्या छिद्रात कुंकू, तेल आणि तांदळाचा एक दाणा असा लगदा ठासून बसला होता. पुस्तिकेत लिहिलं होतं: झाकणाचे छिद्र मोकळे ठेवावे. हे मी दोनदा वाचलं होतं आणि दोनदा क्षुल्लक समजून पुढे गेलो होतो.

बाईसाहेबांनी न मागता पदराची पिन काढून दिली. मी छिद्र कोरू लागलो.

"मशीनला कुंकू कुणी लावलं?" त्यांनी विचारलं.

"मी, बाईसायेब," मामा अभिमानाने म्हणाले. "सायबांनी सांगितलं व्हतं."

"आमचे ओव्हरसियर फार भाविक आहेत," डेप्युटी म्हणाले. पाहुण्यांनी माझ्याकडे आदराने पाहिलं. मी मान खाली घातली. लोकांना तो विनय वाटला.

काठावर भाषण झालं. वरुणाने ओटी स्वीकारून दिवा स्वतःकडे ओढून घेतला, असं पाहुण्यांनी सांगितलं. टाळ्या वाजवताना पिन माझ्या हातातच होती.

मामांना सगळं समजावून सांगायला मला दोन दिवस लागले. त्यांनी ऐकून घेतलं. मला वाटलं, आता ते मला हसतील.

"मंग कुटं लावू?" त्यांनी एवढंच विचारलं.

"होडीच्या नाकाला लावा. पहिल्यासारखं."

पुढे दीड वर्ष मी त्या पाण्यावर ये-जा केली. मशीन पुन्हा बंद पडलं नाही; माझी भीतीही गेली नाही. दर वेळी निघण्यापूर्वी मी टाकीचं झाकण काढायचो, ती पिन छिद्रातून फिरवायचो आणि एक डोळा मिटून झाकण उजेडासमोर धरायचो. पलीकडचं टिचभर आकाश दिसल्याशिवाय पाय होडीत टाकत नसे.

मामा तोवर हात जोडून मोकळे झालेले असत. दोरी धरून ते माझी वाट बघत थांबायचे.

"झालं का दर्शन, सायेब?"