खालच्या मजल्यावरचा केमिस्ट

जर्मनीत लुडविग्सहाफेनला मुलाकडे गेले तेव्हा मी साठ वर्षांची अल्लड पोर होते. खालचा शेजारी, ब्रिटनमधल्या वेल्सचा, केमिस्ट आहे, असं सूनबाई म्हणाली आणि मी गुडघेदुखीची चिठ्ठी घेऊन थेट त्याच्या दारात! तो निघाला कारखान्यात रंग बनवणारा. हसला नाही, चिठ्ठीची घडी मात्र औषधाच्या पुडीसारखी घातली. वडील आणि आजोबा खेड्यातले औषधवाले, म्हणाला. गिऱ्हाइकं तिथली वेल्श भाषा बोलायची. पोरगा शिकून मोठा व्हावा म्हणून वडील त्याच्याशी इंग्रजीच बोलले. आता म्हातारपणी ते इंग्रजी विसरलेत.

“मग फोनवर काय बोलता?” मी नको तिथे नाक खुपसलं.

“ते वेल्शमध्ये विचारतात, कुठे दुखतंय? दुकानात ऐकून तेवढंच मला कळतं. उत्तर देता येत नाही.”