छत्रीच्या दांड्याची बाबागाडी

परभणी जिल्ह्यातील समस्त सुजाण नागरिक, भंगारवाले, जुन्या घरांचे वारसदार आणि माझी पत्नी यांना अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, जुन्या बाबागाड्या जमवण्याचा आपला उद्योग निम्नस्वाक्षरीकाराने कायमचा बंद केला आहे. यापुढे कोणीही चाके गळालेली, छत फाटलेली किंवा उंदरीण बाळंत होऊन गेलेली गाडी आमच्या दारात आणून उभी करू नये. पाहुण्यांना आता समोरच्या खोलीत बसता येईल.

हे ऐकून पत्नीने देवापुढे साखर ठेवली. आमचा नेहमीचा भंगारवाला मात्र हसला. इतकी वर्षं तो गल्लीच्या तोंडाशीच ओरडायचा, ‘गुरुजी, तुमचं लेकरू आलंय,’ आणि मी तास सुटल्यासारखा धावत बाहेर पडायचो. मी शाळेत भूगोल शिकवतो. जगाचा नकाशा मुलांना समजावून सांगितला आणि स्वतः आयुष्यभर परभणीच्या आसपास लहान चाकांच्या मागे फिरलो.

माझ्याकडे काय नाही ते विचारा. निजामाच्या काळात हैदराबादहून आलेली वेताची गाडी आहे. पिंगळी स्टेशनाजवळच्या एका निवृत्त रेल्वेवाल्याने जिच्यात तुळस लावली होती, ती लोखंडी गाडी आहे. तुळस त्याला परत हवी होती, म्हणून मी कुंडी घेऊन दोनदा गेलो. लाकडी पोपट बसवलेले पांगुळगाडे आहेत. बाहुल्यांच्या तर इतक्या आहेत, की मला मुलगी नाही हे ऐकून लोक माझ्याकडे जरा वेगळ्याच नजरेने बघतात. एक पत्र्याची, किल्लीवर चालणारी आहे. ती दोन वीत जाते आणि रुसून थांबते.

आणि या प्रत्येक गाडीत एक दगड झोपलेला आहे.

ही आईची करणी. पहिली गाडी मी घरी आणली तेव्हा तिने ती आधी दारातच अडवली. माळ्यावरून जुना वरवंटा काढला, धुतला, त्याला टोपडं घातलं आणि गाडीत निजवला. बारशाला बाळाच्या आधी पाळण्यात घालतात तसा. मगच गाडी आत आली. रिकामा पाळणा हलवू नये हे आपल्याकडे सगळ्यांनाच माहीत असतं. आईने तो नियम चाकांनाही लावला होता. पुढे गाड्या वाढल्या तसे मी वरवंटेही गोळा करू लागलो. घरोघरी मिक्सर आल्यामुळे ते काही कमी पडले नाहीत. शाळेतले एक सहकारी एकदा घरी आले, टोपडी घातलेल्या दगडांच्या त्या रांगेकडे बघून म्हणाले की सर, तुम्ही वर्ग घरीसुद्धा आणता वाटतं.

मीही हसलो. पण आईने हा नियम कुठून आणला आणि तो कोणाच्या वाट्याला आला, हे मला माहीत होतं.

मला एक मोठी बहीण आहे. आम्ही तिला आक्का म्हणतो. तिच्यानंतरची भावंडं जगली नाहीत आणि मग बऱ्याच वर्षांनी मी झालो. मला दृष्ट लागू नये म्हणून जे जे करता येतं ते सगळं आईने केलं. माझं नाक टोचलं. ती खूण दाढी करताना अजून दिसते. जावळ काढेपर्यंत मला उंबऱ्याबाहेर न्यायचं नाही, असा तिने घरात कायदाच केला. एकदा शेजारच्या काकूंनी मला कडेवर घेऊन ओट्यावर पाऊल टाकलं, तर आई त्यांच्याशी वर्षभर बोलली नाही.

त्याच सुमारास वडिलांनी आक्कासाठी हैदराबादहून बाहुलीची बाबागाडी आणली. भाऊ आला म्हणून पोर हिरमुसली असेल, असं त्यांना वाटलं. निळी, पत्र्याची, वर रेक्झिनचं छत. आणि बाहुलीची असली तरी चांगली दांडगी. तिची मूठ प्रवासातच मोडली. वडील कारकून होते, पण हात सुताराचे. त्यांनी आपल्या मोडक्या छत्रीचा वळणदार दांडा तिला बसवला. आक्का अकरा वर्षांची होती. दुपारी मला सांभाळायचं काम तिच्याकडे असायचं, कारण आई तेव्हा माळवदावर वाळवण घालत असे.

अशाच एका दुपारी आईने माळवदावरून खाली पाहिलं. मागच्या बोळातून आक्का गाडी ढकलत चालली होती. छत वर केलेलं. आणि बाहुली तर मघाशीच आईने कोनाड्यात बसलेली पाहिली होती. आई तिथूनच ओरडली, की कार्टे, रिकामी गाडी फिरवतीस, उद्या रिकाम्या ओटीनं बसशील. आक्का जागच्या जागी थांबली, मग गाडी वळवून घरात पळाली. हे सगळं आईनेच मला सांगितलं. एकदा नाही, पुष्कळदा.

कारण आक्काचं लग्न झालं आणि तिला मूल झालं नाही.

पाथरीकडचं सासर, शेती बरी, दाजी तर सोन्यासारखा माणूस. दवाखाने झाले, नवस झाले, कशाचा उपयोग झाला नाही. आईला मात्र कारण सापडलं होतं, आणि एकदा सापडल्यावर तिने ते सोडलं नाही. ती वाईट बाई नव्हती. आक्कासाठी तिने किती उपास केले ते मी पाहिलं आहे. पण दिवाळीला घरात चार बायका जमल्या, की आवाज खाली करून ती सांगायची, ‘लहानपणी रिकामी गाडी फिरवायची हो ही.’ आक्का तिथेच भाजी निवडत बसलेली असायची. मान वर करायची नाही. उत्तर द्यायची नाही. मला वाटायचं, तिलाही हे पटलेलं आहे. तिला वाटायचं काय, हे मी कधी विचारलं नाही. मी गोष्टी सांगून लोकांना हसवणारा माणूस. अशा वेळी मी एखादा विनोद करून बायकांचा विषय बदलायचो आणि आपण मोठं काम केलं असं समजायचो.

शेवटी आईने ती गाडी घरातून घालवली. तेव्हा आमच्या गावाकडच्या रानात खतासाठी मेंढरं बसवायला धनगर यायचे. त्यांच्यातल्या एका लेकुरवाळ्या बाईला तिने गाडी दिली. भरल्या घरात गेली म्हणजे दोष फिटेल, असा तिचा हिशेब. मी तेव्हा शाळकरी होतो. गाडीच्या मागे वेशीपर्यंत गेलो होतो, एवढं आठवतं.

तर निम्नस्वाक्षरीकार खरं म्हणजे जमवत काहीच नव्हता. एकच गाडी शोधत होता, आणि ती सापडेना म्हणून बाकीच्या घरी आणत होता. मिळाली की ती आक्कापुढे ठेवायची, हा एवढासा पत्रा बघ, ह्याच्यात कुठली आलीय ताकद, असं म्हणायचं, आणि तेही आईच्या देखत. हे भाषण मी मनात इतक्या वेळा केलं होतं, की त्यात टाळ्यांच्या जागासुद्धा ठरल्या होत्या. आईला जाऊन आता तीन दिवाळ्या झाल्या.

गेल्या महिन्यात कुणीतरी पांगुळगाडा सांगितला म्हणून ताडकळसच्या बाजारात गेलो. पांगुळगाडा भलताच निघाला. परतताना शेळ्यांच्या ओळीतून वाट काढत होतो, आणि समोर छत्रीचा दांडा. निळा रंग कुठेकुठे उरलेला, चाकं दुसरीच, छताच्या जागी घोंगडीचा तुकडा. आत दोन करडं एकमेकांच्या अंगावर पाय टाकून झोपलेली. गाडीमागे पन्नाशीची बाई बसली होती. मी एका दमात विकत मागितली. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

“इकायची न्हाई. दरसाली करडं व्हत्यात, ती काय डोस्क्यावर घिऊन हिंडू?”

मी बदल्यात वेताची देऊ केली, निजामाच्या काळातली. वेत शेळ्या खातील, असं तिने शांतपणे सांगितलं. हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. पुढच्या बाजाराला बहिणीला घेऊन येतो, नुसती बघू द्या, एवढं कबूल करून घेतलं.

आक्काला फोन केला. ती म्हणाली, “बाबांचा दांडा हाय का अजून?”

बाजाराच्या दिवशी ती पाथरीहून एसटीने परभणीला आली. तिथून मी तिला मोटरसायकलवर घेतलं. रस्ताभर मी एकटाच बोलत होतो. बाजारात उतरल्यावर शेळ्यांमधून ती माझ्या पुढे गेली. गाडीपाशी वाकली आणि दांड्याच्या वळणावरून हात फिरवत राहिली. मी घसा खाकरला. ते भाषण आता आईशिवायच करायचं होतं आणि मला त्यातलं पहिलं वाक्य आठवेना.

तेवढ्यात ती बाई कौतुकाने सांगू लागली, की ही गाडी तिच्या सासूला एका बाईने दिली होती. त्या बाईच्या पोरीने ही रिकामी फिरवली होती म्हणे, म्हणून तिची ओटी भरली नाही. “सासू मरंपातुर सांगायची, रिकामी ठिवू नगा. आमी कवाच ठिवली न्हाई.”

म्हणजे आमच्या घरातली ती कुजबुज मेंढरांबरोबर रानोरान फिरून आली होती. मी घाईघाईने त्या करडांवर काहीतरी विनोद केला. कोणी हसलं नाही. आक्का दांडा धरून सरळ उभी राहिली. तिने त्या बाईकडे पाहिलं, मग माझ्याकडे बोट केलं.

“रिकामी कुठं होती, बाई? ह्यो असायचा की तिच्यात. ह्याला उंबऱ्याबाहेर काढलं म्हणून आई मारील, ह्या भ्यानं बोलले न्हाई मी.”